मेडिक्लेम आणि मनाचे आजार: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मेडिक्लेमविषयी लिहिताना मानसिक आजारांवर चारच ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी पूर्ण त्यांनाच देते आहे. बहुतेकांनी नाव लिहिलेलं नाही आणि ज्यांनी लिहिलं, त्यांनी ते छापू नका असं बजावलं आहे. ते मी पाळते. मी सरकारी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर नोकरी केली. आता निवृत्तीनंतर नाशकात लोकांना क्लेमचे कागद लावायला मदत करते. त्यामुळे मी बोलणार ते कागदांबद्दल. औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझा मुलगा 24 वर्षांचा. फेब्रुवारीत पाच-सहा रात्री तो झोपलाच नाही. अखंड बोलत होता, ऑनलाइन भलभलती खरेदी करत होता, अडवलं तर अंगावर यायचा. मिरजेच्या एका खासगी मनोरुग्णालयात 11 दिवस ठेवावं लागलं. बायपोलर निदान झालं. बिल 86 हजार. आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी 2016 पासून आहे, एकदाही हप्ता चुकलेला नाही. फोनवर सांगितलं, 'मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही.' नंतर ईमेल आला की रुग्णाला केवळ निरीक्षणासाठी दाखल केलं होतं, उपचार ओपीडीत शक्य होते, म्हणून क्लेम नामंजूर. आता काय करायचं?
— एक आई, सांगली

ताई, तुम्हाला मिळालेली दोन उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि दोन्हींचा समाचार वेगळा घ्यावा लागेल.

फोनवरचं उत्तर साफ चुकीचं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, तो लागू झाला 29 मे 2018 रोजी. त्याच्या कलम 21 च्या चौथ्या उपकलमात लिहिलं आहे की प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा दिला जातो, त्याच धर्तीवर मानसिक आजाराच्या उपचारालाही द्यायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना हे पाळायला सांगितलं. तरी काही पॉलिसींमधली जुनी वाक्यं तशीच राहिली. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका महिलेचा असाच नाकारलेला क्लेम आला. कायदा लागू झाल्या दिवसापासून हे वगळणं चालणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. मग ऑक्टोबर 2022 मध्ये नियामकाने पुन्हा आदेश काढला की प्रत्येक आरोग्य पॉलिसीत मानसिक आजार धरलाच पाहिजे. तेव्हा 'बसत नाही' हे शब्द तुम्हाला परत कुणी ऐकवले तर शांतपणे म्हणा, 'हे मला लेखी द्या.' लेखी कुणी देत नाही.

2018 च्या आधी मी ज्या टेबलावर बसत होते, तिथे अशा फाइलचं शेवटचं पान कुणी बघत नसे. निदानाची ओळ वाचली की नामंजुरीचा शिक्का पडे. पन्नाशीची, साठीची माणसं समोर उभी राहून आपल्या मुलांबद्दल सांगत आणि आम्ही नियमाकडे बोट दाखवत असू. तो नियम आता उरलेला नाही. तुमच्यासारख्या घरांना ते अजून कुणी सांगत नाही, म्हणून हे लांबण लावते आहे.

आता ईमेलातलं दुसरं कारण. ते जास्त चिवट आहे, कारण ते कायद्याच्या विरोधात जात नाही. निव्वळ तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च देय नाही, हे कलम सगळ्याच पॉलिसींत असतं, हृदयरोग्यालाही लागू असतं. तुम्ही डिस्चार्ज समरीची प्रत पाठवलीत, ती मी वाचली. सगळा घोळ तिच्यातच आहे. दाखल करण्याच्या कारणापुढे डॉक्टरांनी दोनच शब्द लिहिलेत: 'निरीक्षणासाठी दाखल'. खाली औषधांची नावं आहेत, घरी जाताना तब्येत स्थिर आहे असं आहे, संपलं. मुलगा किती रात्री जागा होता, जेवत होता का, स्वतःला किंवा घरच्यांना त्याच्याकडून इजा होण्याचा धोका होता का, घरी औषध घ्यायला तयार होता का, याबद्दल एक ओळ नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या रोजच्या भाषेत 'निरीक्षण' म्हणजे पेशंटवर चोवीस तास लक्ष. क्लेम तपासणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ 'विशेष काही नव्हतं' असा दिसतो.

म्हणून आधी मिरजेला जा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर दाखला घ्या: दाखल करताना स्थिती काय होती, घरी ठेवणं का धोक्याचं होतं, कोणती औषधं सुरू केली आणि त्यांवर देखरेख का लागत होती. लिथियम दिलं असेल तर रक्तातली पातळी तपासली असणार, तो रिपोर्ट जोडा. इंजेक्शन दिलं असेल तर त्याची वेळ-तारीख केस पेपरवर असते. सगळ्यात मोलाचे कागद म्हणजे नर्सिंग नोट्स. सिस्टर रात्री दोनला लिहितात, 'पेशंट जागा आहे, वॉर्डमध्ये फेऱ्या मारतो आहे, औषध नाकारलं.' अशा चार रात्रींच्या नोंदींपुढे 'ओपीडीत शक्य होतं' हे वाक्य उभं राहत नाही. हॉस्पिटल केस पेपर देत नसेल तर त्याच कायद्याचं कलम 25 दाखवा, आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्जावर सही मुलाची घ्या. तो आता बरा आहे, आणि हक्क त्याचा आहे.

डॉक्टरांनी खरं ते लिहावं, क्लेमसाठी वाढवून लिहू नये. तुमच्या बाबतीत खरं तेवढंच पुरेसं आहे.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि पोच सांभाळा. पत्रात दोन प्रश्न नक्की विचारा: नामंजुरी पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे, आणि ती क्लेम रिव्ह्यू कमिटीपुढून गेली होती का. 2024 च्या नियमांप्रमाणे तशा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नेमकं कलम कळवणंही बंधनकारक आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल. सांगलीला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

'हा आजार आधीपासून होता, तुम्ही लपवलात' असाही मुद्दा काढतील. पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय तो मुद्दा कंपनीला काढता येत नाही. तुमची 2016 पासूनची आहे.

आणि एक. डिस्चार्जनंतरच्या फेऱ्या, औषधं, रक्ततपासण्या यांची बिलं फेकू नका. बहुतेक पॉलिसी दाखल होण्याआधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस याच आजाराचा खर्च देतात. मूळ क्लेम मंजूर झाला की तोही मिळतो. मनाच्या आजारात तो मागायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

ताई, मी 27 वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे. वर्षभर डिप्रेशनची औषधं चालू आहेत आणि दर आठवड्याला थेरपी. एका सेशनचे 1,500 रुपये. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम पाच लाखांचा आहे, पण यातला एक रुपया मिळत नाही म्हणतात. कायदा समान आहे ना? शिवाय क्लेम केला तर एचआरला कळेल का?
— हिंजवडी

तू 'ताई' म्हटलंस म्हणून मीही 'तू' म्हणते.

कायदा समान आहे, आणि अडचण नेमकी त्या समानतेतच आहे. साध्या मेडिक्लेममध्ये मधुमेहाच्या माणसालाही ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या मिळत नाहीत. दाखल झाला तरच मिळतात. तेच माप तुला लावलं, म्हणून कंपनी म्हणते आम्ही समान वागलो. कागदावर ते खरं आहे. पण डिप्रेशन, चिंतेचे आजार, ओसीडी यांतले बहुतांश रुग्ण कधीच दाखल होत नाहीत, व्हायची गरजही नसते. त्यांचा सगळा उपचार डॉक्टरांच्या केबिनमध्ये आणि थेरपिस्टच्या खुर्चीवर होतो. तुझे महिन्याचे सहा हजार थेरपीतच जातात, औषधं वेगळी. त्या पॉलिसीने तुला प्रत्यक्षात काहीच दिलेलं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी भेग हीच आहे, आणि नुसतं 'मानसिक आजार धरला आहे' असं छापून ती बुजत नाही.

तुझ्या हातात काय आहे? ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्याने ठरते आणि तिच्यात काय घालायचं हे तुझी कंपनी विमा कंपनीशी बोलून ठरवते. ओपीडी कव्हर जोडता येतं, त्यात मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोन्ही यावेत असं लिहून घेता येतं. नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी एचआरकडे मागणी करा, आणि एकटीने करू नकोस. सात-आठ जणांनी एकत्र मेल करा. त्यात कुणाच्या आजाराचा उल्लेख लागत नाही, 'आम्हाला हे कव्हर हवं आहे' एवढंच पुरे. पुष्कळ आयटी कंपन्यांत समुपदेशनाची वेगळी सोय असते, ठरावीक सेशन फुकट मिळतात. ती आहे का बघ.

थेरपिस्ट भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, हे आजच विचारून ठेव. उद्या ओपीडी कव्हर आलं तर पहिला प्रश्न तोच येईल. पावतीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख हवी, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर थेरपीची शिफारस हवी.

एचआरचं विचारलंस ते योग्यच केलंस. कायद्याच्या कलम 23 ने मानसिक आजाराच्या माहितीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. क्लेम टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे जातो आणि एचआरला नावनिशीवार निदान कळायचं काही कारण नाही. तरी व्यवहारात गळती होते, कारण लोक एचआरच्या मुलीलाच बिलं मेल करतात. तसं करू नकोस. टीपीएच्या पोर्टलवर स्वतःच्या ईमेलवरून टाक.

कधी थेरपीचे पैसे जमले नाहीत म्हणून एकदम सगळं बंद करू नकोस. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार ओपीडी असते. गर्दी फार असते, हे मान्य, पण औषधं मिळतात.

मिस्टरांना दारूचं व्यसन. दारू एकदम बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी फिट आली, भ्रम झाला, आयसीयूत ठेवावं लागलं. नंतर 45 दिवस व्यसनमुक्ती केंद्रात होते. दोन्ही क्लेम एकाच ओळीत नाकारले. हॉस्पिटलमधले एक जण म्हणाले, निदान बदलून देतो.
— अहिल्यानगर

निदान बदलून घेऊ नका. एका खोट्या कागदाने पॉलिसी रद्द होईल, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या हातात तोच चुकीचा कागद पडेल.

आशा लावून फसवायचं नाही म्हणून आधी वाईट बातमी. व्यसनमुक्ती केंद्राचे 45 दिवस मिळणं अवघड आहे. केंद्र पॉलिसीच्या व्याख्येतलं हॉस्पिटल बहुधा नसतं, आणि पुनर्वसनाचा खर्च वगळणारं वेगळं कलमही असतं. त्यात ताकद घालवू नका.

आयसीयूचं मात्र सोडू नका. नामंजुरीच्या पत्रात 'Excl12', म्हणजे एक्स्क्लूजन (वगळणं) क्रमांक 12, असं असेल. हे नियामकाने 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेलं प्रमाणित वगळणं आहे: दारू, अमली पदार्थ, व्यसन आणि त्यांचे परिणाम. आता दुसरीकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडा. त्यातली मानसिक आजाराची व्याख्याच सांगते की दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही तिच्यात येते. संसदेचा कायदा ज्याला आजार म्हणतो आणि ज्याला शारीरिक आजाराइतकाच विमा द्या म्हणतो, तोच आजार नियामकाचं प्रमाणित कलम बाहेर ठेवतं. ही विसंगती आहे, आणि तिची किंमत तुमच्यासारख्या बायका दागिने मोडून भरतात. नियामकाने हे कलम बदललं पाहिजे, असं मी प्रत्येक व्यासपीठावर म्हणत आले आहे.

तुम्ही दोन क्लेम वेगळे करा. आयसीयूच्या क्लेमवर स्वतंत्र तक्रार लिहा. दारू सुटतानाचा भ्रम आणि फिट ही जिवावरची तातडीची अवस्था होती, असा फिजिशियनचा दाखला जोडा आणि कायद्यातली व्याख्या शब्दशः उतरवा. कंपनी बहुधा पुन्हा नाही म्हणेल. मग लोकपाल. मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण हा मुद्दा लढवण्याजोगा आहे.

आणि ताई, या सगळ्यात तुमची झोप, तुमचं जेवण याकडे बघणारं कुणी आहे का? पत्रात तुमच्याबद्दल एक ओळ नव्हती. वर दिलेला 14416 हा नंबर घरच्यांसाठीही आहे.

भाऊ गेला. त्याने स्वतःच जीव दिला. सव्वातीन वर्षांची टर्म पॉलिसी आहे. एजंट म्हणाला, अशा मृत्यूला पैसे मिळत नाहीत, म्हणून वहिनीने क्लेमच केला नाही. आठ महिने झाले.
— लातूर

दादा, तुमच्या दुःखात आणखी कागद घालताना मला जड जातं आहे, पण हे या आठवड्यातच करा.

एजंटने सांगितलं ते चूक आहे. आयुर्विम्यात आत्महत्येचं कलम पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या 12 महिन्यांपुरतं असतं. मध्ये बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तिथपासून 12 महिने. त्या काळातही भरलेल्या हप्त्यांचे निदान 80 टक्के परत मिळतात. 12 महिन्यांनंतर पूर्ण रक्कम देय असते. तुमच्या भावाच्या पॉलिसीला तीन वर्षांच्या वर झाली आहेत, म्हणजे विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे आता 'त्याने आजार लपवला' असंही कंपनी म्हणू शकत नाही.

मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मूळ पॉलिसी, वहिनींचं बँक खातं आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जा. उशिराचं कारण साध्या शब्दांत लिहा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, अशी नियामकाची जुनी सूचना आहे. भावाच्या पासबुकात मे-जूनमध्ये 436 रुपये वजा झालेले दिसतात का, तेही बघा. दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता, तिचे दोन लाख वेगळे. ते बँकेत मागायचे.

वहिनींबरोबर तुम्ही स्वतः जा. काउंटरवर मृत्यूचं कारण पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांना ते एकटीने सांगायला लावू नका.

दोन वर्षांपूर्वी सहा महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत आहे. नवीन मेडिक्लेम घेतोय. एजंट म्हणतो लिहू नका, प्रीमियम वाढेल किंवा पॉलिसीच मिळणार नाही.
— ठाणे

लिहा. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते. आज लपवलंत आणि तीन वर्षांनी पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तर जुन्या चिठ्ठ्या शोधून तो क्लेमही नाकारतील आणि पॉलिसीही जाईल. पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार 'आधीपासूनचा' धरतात आणि त्यासाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त 36 महिने असतो. म्हणजे लिहिल्याने काही काळ थांबावं लागेल, पण बाकी सगळ्या आजारांना संरक्षण पक्कं होईल. औषधं कधी सुरू झाली, कधी थांबली, डॉक्टरांचं 'आता औषधाची गरज नाही' असं पत्र, हे सोबत द्या.

पॉलिसी हातात आली की त्यामागे जोडलेली फॉर्मची प्रत वाचा. एजंटने 'नाही'वर टिक केली असेल तर तिथे सापडेल. 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते.

एखाद्या कंपनीने पॉलिसीच नाकारली तर लेखी कारण मागा आणि दुसरीकडे जा. मानसिक आजार असलेल्यांसाठी उत्पादन बाजारात आणा, असं नियामकाने फेब्रुवारी 2023 मध्ये सर्व सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलेलं आहे.

मी मुंबईत एका विमा कंपनीत नवीन पॉलिसी आखण्याच्या विभागात आहे. तुमचं सदर घरी आई वाचते. तुम्ही आमच्या चुका सांगता, त्या खऱ्याही आहेत. पण आम्ही नेमकं काय करावं? तोटा सोसून तर धंदा चालत नाही.
— मुंबई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असं विचारणारा माणूस आतून हवाच होता.

पहिली गोष्ट ओपीडी. वर हिंजवडीच्या मुलीचं पत्र आहे, ते वाचा. वर्षाला मनोविकारतज्ज्ञांच्या काही भेटी, काही थेरपी सेशन आणि औषधांची ठरावीक रक्कम, एवढं साध्या पॉलिसीत घाला. महागड्या प्लॅनची शोभा म्हणून नको. खर्च वाढेल ही भीती मला समजते, आकडे मीही बघितले आहेत. पण दावे तपासताना एक गोष्ट सारखी दिसायची: तोच पेशंट, तोच आजार, वर्षाच्या आत पुन्हा दाखल. मधल्या महिन्यांत औषध सुटलेलं. कधी गावात डॉक्टर नाही, कधी गोळ्यांना पैसे नाहीत, कधी घरच्यांना वाटलं आता बरा झाला. दुसऱ्यांदा दाखल करण्याचे 80-90 हजार तुम्ही आनंदाने देता आणि ते टाळणाऱ्या दरमहाच्या गोळ्यांना नाही म्हणता. हा हिशेब तुमच्याच ॲक्च्युअरींकडून, म्हणजे जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांकडून, एकदा मांडून घ्या.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारागणिक, 70 ते 92 टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे कव्हर दिलं की उद्या रांगा लागतील असं नाही. माणसं यावीत म्हणूनच तुम्हाला खटपट करावी लागेल.

दुसरं, उपमर्यादा काढा. पाच लाखांची पॉलिसी आणि आत कुठेतरी मानसिक आजारासाठी त्यातला छोटा तुकडा, हे कलम 21 च्या शब्दांत बसत नाही. हृदयाला अशी मर्यादा नसेल तर मनाला का? काही पॉलिसींत आजारांच्या कोडची यादी देऊन बाकीचे गाळलेले असतात, तेही तसंच. विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी, भूल देऊन सकाळी केले तर दुपारी पेशंट घरी जातो. तो डे-केअरच्या यादीत स्पष्ट लिहा, 24 तासांची अट घालून माणसाला उगाच रात्रभर खाटेवर ठेवू नका.

मग क्लेम तपासणारी माणसं. कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो. त्या तासात मनोविकाराची फाइल हाडाच्या किंवा पोटाच्या फाइलीसारखीच वाचली जाते. तपासणारा एक्स-रे शोधतो. इथे एक्स-रे नसतो. झोपेच्या नोंदी असतात, न जेवल्याच्या नोंदी असतात, 'मला जगायचं नाही' असं सिस्टरला सांगितल्याची ओळ असते. त्या वाचायला पॅनेलवर मनोविकारतज्ज्ञ ठेवा. आणि हॉस्पिटलला प्री-ऑथचा, म्हणजे कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा, वेगळा, एका पानाचा फॉर्म द्या, ज्यात धोका, झोप, आहार, औषध नाकारणं याच्या रकाने असतील. सांगलीच्या मुलाचा क्लेम त्या एका पानाने पहिल्याच दिवशी मंजूर झाला असता, आणि तुमचाही तक्रारीचा खर्च वाचला असता.

फोनवरच्या मुला-मुलींना शिकवा. 'मानसिक आजार बसत नाही' हे वाक्य आजही तिथूनच निघतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेल्या माणसाच्या नातेवाइकाशी कसं बोलावं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तेही बिचारे वीस-बावीस वर्षांचे असतात आणि तसे फोन झेलून स्वतः रात्री जागतात. त्यांच्यासाठीही सोय करा.

आणि नामंजुरीचं पत्र मराठीत द्या. आज नाशकात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण ते इंग्रजी पत्र न वाचताच फाइलला लावून आलेले असतात. कोणत्या कलमाखाली, कशामुळे, आणि तक्रार कुठे करायची, या तीन गोष्टी पहिल्या पानावर ठळक छापा. यासाठी ॲक्च्युअरी लागत नाही, हप्ताही वाढत नाही. पुढच्या प्रॉडक्ट कमिटीच्या बैठकीत निदान एवढं तरी मांडा आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. तुमचं नाव न घालता ते मी इथे छापीन.